कनीजचाचीचा रांजण

कुरुळीच्या अलीकडच्या वस्तीत करीम मिस्त्रीचं गॅरेज आहे, आणि गॅरेजपुढच्या कडुनिंबाखाली त्याच्या बायकोचा, कनीजचाचीचा, पाण्याचा रांजण. चाची त्याला सबील म्हणते, बाकीचे पाणपोई. सासू गेल्यापासून तिनं तो कधी कोरडा पडू दिला नव्हता. ट्रकवाले, शिफ्ट सुटलेले कामगार, चाकणला कांदा टाकून परतणारे शेतकरी, सगळे तिथं घसा ओला करून पुढं जात.

मग रस्त्यापलीकडे कंपनी आली. ओढ्याला फेस आला आणि वस्तीच्या बोअरचं पाणी पिवळं पडून वास मारू लागलं. चाचीनं घरोघरी बायका करतात तेच केलं, तुरटी फिरवली, मलमलीतून गाळलं. पाणी नितळ दिसलं आणि तिनं ते बिनघोर लोकांना पाजलं. शेजारच्या बबनरावांची स्वप्नाली त्याच पाण्यानं आजारी पडून दवाखान्यात गेली. कंपनीची घाण तुरटीनं खाली बसत नाही, असं डॉक्टरनं चाचीला सुनावलं. ज्यांनी ती घाण सोडली त्यांना सुनावायला मात्र कुणाला सवड नव्हती!

चाचीनं रांजण उपडा घातला आणि दाद मागायला निघाली. ग्रामपंचायत म्हणाली, कंपनीकडे जा. कंपनी म्हणाली, पंचायतीकडे जा. आणि कंपनीच्या पिण्याच्या पाण्याची जाडजूड लाइन गेलेली कुठून, तर या वस्तीच्या दारावरून.

बबनराव त्याच कंपनीत कामाला. ते आणि त्यांचे सोबती सुटताना आतल्या कूलरवर बाटल्या भरून आणून पुन्हा उभ्या केलेल्या रांजणात ओतू लागले. चार दिवस बरे गेले. मग फर्मान निघालं, कंपनीचं पाणी बाहेर न्यायचं नाही. गेटवर एकेकाला बाटली गटारात रिकामी करायला लावली. तहानलेल्याला पाणी न देणारे पुष्कळ पाहिले, पण दिलेलं पाणी सांडायला लावणाऱ्यांना काय म्हणावं?

चाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हातगाडीवरून रांजण नेला आणि कंपनीच्या गेटच्या मधोमध मांडला. पहिल्या शिफ्टच्या बसेस एकामागं एक अडकल्या.

"हटवा तो माठ!" मॅनेजर ओरडत आले.

पुढच्या बसचा ड्रायव्हर ज्योतीराम इंजिन बंद करून खाली उतरला. पायातल्या चपला काढून त्यानं रांजणाला हात जोडले. "पाणपोई हाय साहेब. मांडलेली पाणपोई आमी उठवत न्हाई."

साहेबांनी सिक्युरिटीवाल्यांकडे पाहिलं. तेही आजूबाजूच्याच गावांतले. एकही जागचा हलला नाही.

आत कामाची लाइन बंद पडली होती, वरून फोन वाजत होते. शेवटी साहेब खेकसले, "टाकीला पाइप लावा आणि भरून द्या एकदाचं!"

पाइप आला. बसमधली माणसं उतरेपर्यंत रांजण काठोकाठ भरलासुद्धा. एवढंसं काम! ते वेळेवर कुणी केलं नाही, त्यापायी एका पोरीला सलाइन लावावं लागलं.

"झालं ना मनासारखं? आता उचला."

चाचीनं पाइपचं तोंड हातात घट्ट धरलं. "रांजण उचलते की, साहेब. पन ह्यो पाइप आता माघारी न्हाई यायचा."

बबनरावांनी पाइपचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि ते वस्तीच्या दिशेनं रस्ता ओलांडू लागले. मागून आख्खी पहिली शिफ्ट निघाली.