डार्करूममधला पांढरा दिवा

वीस वर्षं त्या फोटो स्टुडिओतली डार्करूम थोरलीची होती. नवरा आणि दीर फोटो काढायचे, सासरे गिऱ्हाईक सांभाळायचे, आणि आत लाल दिव्याखाली प्रिंट काढायची ती थोरली. कागद कापताना कटरखाली उजवी करंगळी अर्धी गेली, तरी बाईनं कुरकुर केली नाही.

मग कारखान्याचा फोटोचा कागद बाजारात मिळेनासा झाला. आणि कालपरवा लग्न होऊन आलेली धाकटी जाऊ म्हणते कशी, "आपण घरीच करू की!" पातेल्यात जिलेटिन विरघळवून त्यात चांदीचं मीठ घातलं, साध्या कागदावर ब्रशनं फासलं, झाला फोटोचा कागद. सासरे तर हरखूनच गेले. "ही खेप चांगली निघाली की डार्करूमची किल्ली धाकटीकडे!"

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वीस वर्षं राबले मी, आणि किल्ली हिला?

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा ती आत शिरली. लाल उजेडात टेबलावर कागद वाळत पसरले होते. मधल्या एका कागदावर तिनं उजवा पंजा टेकवला. छे, कुठे एक गुठळी असेल तर शपथ! कारखान्याच्या तोंडात मारेल असा गुळगुळीत. तिचं डोकंच फिरलं. डाव्या हातानं तिनं पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं. एक, दोन, तीन. बंद. उजेड लागलेले कागद आता काळेच निघणार.

संध्याकाळी धाकटीनं प्रिंट काढायला घेतले. थोरली शेजारी चिमटा धरून साळसूदपणे उभी. पहिला कागद डेव्हलपरमध्ये काळाठिक्कर. दुसराही तसाच. धाकटीचे डोळे भरून आले. "माझंच काहीतरी चुकलं, जाऊबाई. नाही जमत मला."

"असू दे गं, होतं असं," थोरली म्हणाली. पोटात गुदगुल्या होत होत्या.

चूक कुठे झाली ते बघायला धाकटीनं तिसरा कागद फोटो न उमटवता कोराच बुडवला. तोही काळा होत गेला, पण मधोमध पांढरा पंजा उमटला. चार बोटं पूर्ण, करंगळी अर्धी.

अगं बाई! हाताखाली उजेड पोचत नाही, हे वीस वर्षं प्रिंट काढणारीला कळू नये?

बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "काय गं, कसा झालाय कागद?"

धाकटीनं थोरलीच्या हाताकडे पाहिलं. मग कागदाचे चार तुकडे करून बादलीत टाकले.

"कागद उत्तम झालाय, मामंजी. दाराच्या फटीतून उजेड शिरला, म्हणून खेप वाया गेली. उद्या पुन्हा करते. आणि किल्ली जाऊबाईंकडेच राहू द्या, मला अजून खूप शिकायचंय."

थोरलीच्या जिवात जीव आला. पण लगेच तिच्या मनात आलं ते एकच, मोठेपणातसुद्धा मेली माझ्या पुढे गेली.