लाल मोटारीचा टप

अकोल्याच्या तेलगिरणीजवळ राहणाऱ्या देवमनला एक खोड होती. कुणी काही काम सांगितलं, की पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच तो म्हणायचा, "होते की!" सायकलचं चाक वाकलेलं असो नाहीतर हातपंपानं पाणी सोडलेलं असो, ह्याचं आपलं "होते की". शब्द आधी द्यायचा आणि मग डोकं खाजवत बसायचं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते असल्याच कुणाला पाहून म्हणत असावेत. पण बहुतेक कामं व्हायचीही, हे कबूल केलं पाहिजे. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातून तो पोटासाठी इथं आला, गिरणीत पोती उचलायला लागला आणि काही वर्षांत घाण्यांचा फिटर झाला. शिकवलं कुणी नाही. यंत्र बंद पडलं की बाकीचे बिडी प्यायला जायचे आणि हा यंत्रात डोकं घालायचा, एवढंच त्याचं शिक्षण.

घरात तो आणि त्याची आई सुंदराबाई, दोघंच. छप्पनच्या दसऱ्याला ही मायलेकं नागपूरला गेली होती. सुंदराबाईनं शेजारणीचं पांढरं लुगडं मागून नेलं होतं. दीक्षेच्या मैदानावर माणसांचा समुद्र, आणि सुंदराबाई अंगानं एवढीशी. भोंग्यातून बाबासाहेबांचा आवाज आला, तिनं हात जोडून प्रतिज्ञा म्हटल्या, शब्दामागून शब्द. पण डोळ्यांसमोर काय होतं, तर पुढच्या माणसांच्या पाठी. देवमननं तिला उचलायचाही प्रयत्न केला, तर तिनं त्याला चापट मारली. परतताना गाडीत ती म्हणाली, "आवाज आयकला बाप्पा. पण डोयानं नाई पायला."

"पुढच्या खेपेले दाखवतो ना. होते की!" देवमन म्हणाला.

पुढची खेप आलीच नाही. डिसेंबरात बाबासाहेब गेले. सुंदराबाई दोन दिवस जेवली नाही. तिनं त्या शब्दाची आठवण कधी करून दिली नाही, आणि म्हणूनच देवमनला तो जास्त टोचायचा. दिलेला शब्द राहून गेला की माणूस दुरुस्त करून देतो. पण हा शब्द आता कोणत्या पान्यानं आवळणार?

एप्रिल जवळ आला. बाबासाहेब नसलेली पहिलीच जयंती. दरवर्षी मिरवणुकीत त्यांची तसबीर बैलगाडीतून निघायची. वस्तीची बैठक बसली आणि गाडी कुणाची, बैल कुणाचे हे चाललं असताना देवमन उठून म्हणाला, "बाबासाहेब बॅरिष्टर होते. यंदा मोटारीतून न्यायचे. अन् उघड्या मोटारीतून, म्हणजे लहानातल्या लहान माणसालेही दिसन."

"उघडी मोटार कोण देते तुले?" ट्रकवर ड्रायव्हर असलेल्या शेषरावनं विचारलं.

"होते की!" देवमन म्हणाला आणि खाली बसला.

साऱ्या अकोल्यात उघडी होणारी मोटार एकच होती, आणि ती उघडत नव्हती. देवमनचे मालक जानराव यांनी ती अमरावतीच्या एका वकिलाकडून जुनी घेतलेली. लाल रंगाची, बुटकी, नाक लांब आणि दारं दोनच; अमेरिकेची स्पोर्ट मोटार. वरचा काळा टप दोरीनं ओढायचा नव्हता. पुढ्यातलं बटण दाबलं की मागच्या पेटीतली विजेची मोटर घुरघुरायची, नळ्यांतून तेल सुटायचं, दोन बाजूंचे दोन दट्टे हलायचे आणि टप आपला आपण घडी होऊन मागं जाऊन बसायचा. जानरावांनी पहिल्या हिवाळ्यात सगळ्या पाहुण्यांना तो खेळ दाखवला. उन्हाळ्यात टप जो अडकला, तो अडकलाच. बंद टपाखाली वऱ्हाडातल्या उन्हात बसणं म्हणजे भट्टीत बसणं. नागपूरच्या मिस्त्रीनं सांगितलं, सामान अमेरिकेहून मागवा. तेव्हापासून मोटार वाड्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती आणि चिमण्या तिच्यावर आपला कार्यभाग उरकत होत्या.

देवमन मालकांपुढं उभा राहिला आणि त्यानं जयंतीसाठी मोटार मागितली. आता जानराव काही वाईट माणूस नव्हते. पण आपल्या मोटारीतून ही मिरवणूक निघाली तर आपले सोयरेधायरे काय म्हणतील, ही धास्ती त्यांना पडली. तोंडावर नाही म्हणायलाही जीभ रेटेना; माणूस कामाचा होता. तेव्हा त्यांनी सरळ त्याच्या कोपराला गूळ लावला.

"घेऊन जाजो ना बाबू," ते म्हणाले. "मी काहून नाई म्हणू? फकस्त टप उघडला पायजे. बटन दाबून उघडला, तं मोटार तुमची त्या दिवसापुरती."

दुसरा कुणी असता तर यातला नकार ओळखून घरी गेला असता. देवमनला तो ऐकूच आला नाही. वस्तीतली पोरं म्हणाली, "चार बोल्ट खोलून टपच काढून ठेव ना." पण ते त्याला पटेना. शब्द बटणाचा होता, बोल्टचा नव्हता.

गिरणीची पाळी संपली की तो मोटारीखाली शिरायचा. विजेची मोटर धड होती, वायर तेवढी उंदरांनी खाल्लेली. नळ्या चिरून गेल्या होत्या आणि दट्ट्यांचं रबर वाळून खपली झालं होतं. आतलं तेल केव्हाच गळून गेलेलं. वायर आणि नळ्या त्यानं गिरणीच्या भंगारातून जमवल्या; रबराचं अडलं तेव्हा तो बशीरकडं गेला. बशीरचं सायकली आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. जिभेनं तिखट, हातानं गोड माणूस. सायकलच्या पंपात असतात तसे चामड्याचे वाटीसारखे वॉशर त्यानं दट्ट्यांच्या मापाचे कापले, भिजवून साच्यावर बसवले आणि वाळवून दिले.

"तेल कौनसा डालेगा?" बशीरनं विचारलं.

"तेलाची काय कमी हाये मले? तेलगिरणीत हावो मी!" देवमन ऐटीत म्हणाला.

गिरणीत तेव्हा जवसाचा हंगाम चालू होता. घाण्यातून उतरलेलं, सोन्यासारखं, पातळ, गाळून घेतलेलं जवसाचं तेल त्यानं पेटीत ओतलं. बटण दाबलं. घुर्रर्र झालं आणि दोन वर्षं हट्ट धरून बसलेला टप उचलला गेला, आणि अदबीनं मागं जाऊन बसला. देवमन आनंदानं ओरडला. आवाज ऐकून जानराव सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले आणि उघड्या मोटारीकडं पाहत राहिले. त्यांना आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी आपला शब्द आठवला. दोन्ही एकाच तोंडावर मावेनात.

"वा रे पठ्ठे," ते कसेबसे म्हणाले.

देवमननं त्या संध्याकाळी टप किती वेळा उघडला आणि किती वेळा लावला त्याला गणती नाही. जो येईल त्याला खेळ दाखवला. मग टप लावून तो घरी गेला आणि आईला म्हणाला, "यंदा तुह्या समोरून नेतो का नाई पाय!" काय नेणार आणि कसं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

पुढं आठ-दहा दिवस मोटार चिमण्यांच्या भीतीनं लिंबापासून दूर, कडक उन्हात उभी राहिली. जयंती दोन दिवसांवर आली तेव्हा अमरावतीहून जानरावांचे व्याही आले. जानरावांनी त्यांना मोठ्या हौसेनं मोटारीत बसवलं आणि बटण दाबलं. टप वीतभर उचलला, करकरला आणि थांबला. पुन्हा दाबलं; नुसती घुरघुर. व्याही सभ्य होते, ते लिंबाच्या झाडाकडं पाहू लागले.

देवमनला बोलावणं गेलं. "पाय बाबू," जानराव म्हणाले, आणि आवाजात राग किती आणि सुटका किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "शब्द उघडत्या टपाचा होता. मले दोष देजो नको."

देवमन घाबरला. मोटार अडली म्हणून नव्हे. आईला दिलेला शब्द आपण दुसऱ्यांदा मोडणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. "होते की" हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं नाही. त्यानं मुकाट्यानं दोन्ही दट्टे खोलले, फडक्यात बांधले आणि बशीरच्या दुकानात नेऊन ठेवले.

बशीरनं दट्ट्यावर बोट फिरवलं. बोट चिकटलं. नाकाशी नेलं आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"जवस? अबे, जवस डाला तूने?"

"पातळ होतं ना..."

"पातळ व्हतं! अबे, जवस दरवाज्यांले लावतेत! लावलं की वाळून लकडीवर पापुद्रा बनते म्हणूनच लावतेत! तू मोटारीच्या पोटात वार्निश भरलं, गधे!"

देवमननं कपाळावर हात मारून घेतला. घरच्या चौकटीला आई दर दिवाळीला जवसाचं तेल पुसते, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. गिरणीच्या जमिनीवर सांडलेलं जवस खरवडून काढताना त्याचीच नखं तुटलेली. पण तेलात राहणाऱ्याला तेल दिसत नाही, हेच खरं. तो खाली बसला आणि स्वतःलाच हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"रोता क्या है?" बशीर जरा मऊ झाला. "बैलगाडीच्या आसाले काय घालतेत?"

"एरंडी."

"वाळते का एरंडी कधी?"

"नाई वाळत."

"मंग? मोटारीच्या ब्रेकातबी एरंडीचंच तेल राहते म्हणतेत, स्पिरिट मारून पातळ केलेलं. चल, घासलेट आण."

दोघांनी कामाला हात घातला. नळ्या, दट्टे, पेटी सगळं घासलेटनं धुतलं, खरवडलं, पुन्हा धुतलं. वॉशर बशीरनं नवे कापले. एरंडेल आणि स्पिरिटचं माप मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं, तेव्हा सायकलच्या पंपात भरून पाहत पाहत ते जमवलं. स्टोव्हचं स्पिरिट बशीरचं आणि एरंडेल सुंदराबाईच्या फडताळातलं. बाटली रिकामी पाहून ती म्हणाली, "एवढं एरंडेल पेला कोण?" यावेळी काम होईपर्यंत बोलायचं नाही असं देवमननं ठरवलं होतं, आणि त्याच्यासारख्याला ते मोटारीपेक्षा अवघड गेलं.

जयंतीच्या दिवशी वस्तीतली माणसं तसबीर घेऊन वाड्याच्या फाटकाशी उभी राहिली. बैलगाडीही जुंपून मागं ठेवली होती, न जाणो. जानराव ओट्यावर होते. देवमननं बटणावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. घुरघुर झाली. मग फाटकाशी एकदम गलका उठला, तेव्हा त्यानं डोळे उघडून वर पाहिलं. डोक्यावर टप नव्हता, आभाळ होतं.

जानराव ओट्यावरून उतरले. इतक्या लोकांसमोर आता मागं फिरायला वाट नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना फिरावंसंही वाटलं नाही. त्यांनी किल्ली शेषरावच्या हातात दिली आणि म्हणाले, "सांभाळून चालवजो. गियर कडक हाये."

मिरवणूक निघाली. मागच्या सीटवर हार घातलेली तसबीर, पुढं शेषराव, त्याच्या शेजारी देवमन, आणि मोटारीच्या चहूबाजूंनी माणसं. दुपार कलली होती तरी ऊन नुसतं भाजत होतं. देवमननं आईला चौकातल्या एका उंच ओट्यावर नेऊन बसवलं होतं. तिथं कुणाची पाठ मध्ये येणार नव्हती. मोटार चौकात आली तशी त्यानं शेषरावला थांबायला सांगितलं आणि आईच्या तोंडाकडं पाहू लागला.

सुंदराबाईनं तसबीर पाहिली. हात जोडले. ओठ हलत राहिले, बराच वेळ. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"देवमन! टप हाये ना थ्या मोटारीले?"

"हाये ना. थोच तं उघडला मी!"

"मंग लाव. ऊन लागून राह्यलं बाबाले."

"आई, फोटो हाये थो."

"मले समजते फोटो हाये म्हणून," ती ओरडली. "नागपूरलेबी तब्येत बरी नोती म्हणे. तरी आपल्यासाठी उभा राह्यला. आता तरी सावलीत बसू दे त्याले."

"पण मंग तुले दिसन कसा?" देवमन म्हणाला.

"पायला मी. डोये भरून पायला."

देवमननं बटण दाबलं. टप मागून उठला आणि हळूहळू तसबिरीवर आला. मागून कुणीतरी ओरडलं, "बिघडला! पुन्हा बिघडला!" देवमननं तिकडं लक्ष दिलं नाही. तो उतरला, ओट्याशी गेला, आईचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि मोटारीचं दार उघडून पुढची सीट वाकवली.

"बस आत."

"मी? मालकाच्या मोटारीत?"

"आज मालकाची नाई थे. बस."

सुंदराबाईनं पदरानं पायांची धूळ पुसली, आत शिरली आणि तसबिरीच्या शेजारी अंग चोरून बसली. इतक्या जवळून तिनं पुन्हा एकदा नीट पाहिलं. काचेवर धूळ बसली होती, ती तिनं पदराच्या कोऱ्या बाजूनं पुसली. शेषरावनं गियर टाकला आणि मोटार पुढं निघाली. पुढची सीट रिकामीच ठेवून देवमन भर उन्हात मोटारीच्या बाजूनं चालत राहिला.