भागू नॉर्मल हाय का?

लेकरू झालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दोरीवरच्या लंगोटांसारखे ते. एक वाळून काढावा तर दोन भिजून तयार. माझ्या भागूचे बहुतेक किस्से एकाच शब्दाचे आहेत: नॉर्मल.

भागू झाली तेव्हा नर्सबाईंनी कागदावर लिहिलं, डिलिव्हरी नॉर्मल. दिवसभर मी ओरडून ओरडून घसा बसवलेला, सासूबाईंनी दिसेल त्या देवाला नारळ बोललेला. मी म्हटलं, "ह्याला नॉर्मल म्हणायलाव व्हय?"

"कागदात एवढाच रकाना हाय, बाई," नर्सबाई म्हणाल्या.

*

मग अंगणवाडी. दर महिन्याला वजन, आणि मोबाईलवर रंग. हिरवा म्हणजे नॉर्मल, पिवळा म्हणजे कमी. भागू पिवळी. पिवळ्यांना जादा अंडी मिळतात. त्यातली निम्मी तिचा बाप खातो आणि विचारतो, पोरगी वाढत कामून न्हाई?

गल्लीत बोलणं व्हायला लागलं तसं सासूबाईंनी एकदा घरातली होती नव्हती ती चांदी भागूवर चढवली. कमरेला साखळी, पायात वाळे, हातात बिंदल्या. काट्यावर भागू हिरवी! अंगणवाडीच्या अक्कांनी दागिने काढायला सांगितले.

"काढते की," सासूबाई म्हणाल्या, "तू आधी हिरवं दाब."

*

अक्का कन्नड बोलतात, बीदरचे डॉक्टर उर्दू, पण नॉर्मल दोघांचंही नॉर्मलच. मी सातवी शिकलेली, मला वाटलं इंग्रजी असेल. शेजारचे रिटायर गुरुजी म्हणाले, मूळ लॅटिन. सुतार कोपरा काटकोनात आहे का बघायला गुण्या लावतो ना, त्याला रोममध्ये 'नॉर्मा' म्हणायचे. गुण्याला जुळलं ते नॉर्मल. पुढं फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश सगळ्यांनी तोच शब्द घेतला, इटलीवाले 'नॉर्माले' म्हणतात, आणि हळूहळू माणसांनाही तो लागला.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "एवढे देश फिरून आलाव, पोरीचं वजन किती वाढलं?"

*

दातांचंही नॉर्मल असतं म्हणे. मोजायला मी तोंडात बोट घातलं. भागू चावली. चार आहेत.

*

गुण्या माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीची खिडकी बसवायला काशप्पा सुतार आला होता. भागू परत पिवळी. मला रडूच कोसळलं. म्हटलं, "अण्णा, तुमच्या गुण्यानंच सांगा आता, माझी पोरगी नॉर्मल हाय का न्हाई?"

बायका हसल्या. काशप्पा नाही हसला. त्यानं काट्यामागं, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात गुण्या लावला. खाली बोटभर फट. फरशी खचलेली, काट्याचा एक पाय अधांतरी. त्यानं काटा उचलून दारापाशी सपाट जागी ठेवला.

भागूला बसवलं. अंगावर चांदीचा मणी नाही. हिरवी. मग एकेक करून सगळी पिवळी लेकरं बसवली. सगळी हिरवी.

मी भागूला छातीशी धरून हुंदके देत होते, तेवढ्यात सासूबाईंनी अक्कांना विचारलं, "मंग उद्यापासून अंडी बंद का?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग दोघीतिघींनी काटा उचलला आणि होता तिथं, भिंतीपाशी नेऊन ठेवला. एका बाजूनं मीही धरला होता.

सासूबाई काशप्पाला म्हणाल्या, "तू तुझी खिडकी बसीव, बाबा."