मागून हाणलेली काठी

माझी काठी कधी उगाच उठत नाही. वर्दीत बावीस वर्षं झाली, हवालदार आहे, अन् हे मी कोणालेही छाती ठोकून सांगते. शंकर नगरात एकानं बायकोच्या गळ्यावर सुरी धरली होती, त्याचा हात मी मोडला. आज समोर आला तर पुन्हा मोडीन अन् घरी जाऊन पोटभर जेवीन. पण बेड्या पडल्यावर हाणणारे मले खपत नाहीत. बांधलेल्याले मारायले काय अक्कल लागते? नव्या पोट्ट्यायले मी एकच सांगते, समोरचा जेवढा जोर लावून राहिला तेवढाच आपण लावायचा, अन् तो थांबला की आपणही थांबायचं.

एवढं सगळं येत होतं, तरी बीरगांवात, मिलमजुरांच्या वस्तीत, माझ्या हातून घाण झालीच.

उरला भागातल्या, लोखंडी सळाखी बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमधल्या मजुरानं ठेकेदाराचं डोकं सळाखीनं फोडलं होतं. त्याले पकडायले आम्ही चौघं गेलो. नवे साहेब, मी अन् दोन शिपाई. भर दुपार होती. तो घरासमोरच्या बोरिंगवर आंघोळ करून राहिला होता, आमच्याकडे पाठ. बाजूच्या भिंतीले एक सळाख टेकली होती. बीरगांवात कोणाच्या भिंतीले नसते! पण डोकं सळाखीनंच फुटलं होतं, म्हणून आमची सगळ्यांची नजर तिच्यावर.

"ए, हाथ ऊपर!" साहेब ओरडले. तो वळला नाही. "सुना नहीं क्या? हाथ ऊपर!" अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, दारात येऊन उभा राहिला, अन् हा बाबा आपला मजेत अंग चोळतच होता. मले राग आला, खोटं काहून बोलू? म्हटलं, किती माजला आहे मेला. मग तो भिंतीकडे वाकला, हात लांब केला. मी धावली अन् मागून हाणली.

हाड मोडल्याचा आवाज मले ऐकू आला. भिंतीच्या बुडाशी साबणाची वडी पडली होती. ती घ्यायले वाकला होता तो.

तो वळला. धड राहिलेला हात पुढे करून त्यानं तळवा खाली दाबला. दोनदा.

मिलच्या दणक्यात बोललेलं ऐकू येत नाही, तिथं सगळा कारभार हातानं चालते. तळवा दोनदा खाली म्हणजे थांबव, माणूस अडकला. हे मले कोणी शिकवायची गरज नव्हती. माझे बाबा जन्मभर अशाच मिलमध्ये राबले अन् चाळिशीतच ठार बहिरे झाले. टीव्ही बंद कर, भांडण बंद कर, आमच्या घरी सगळ्याले हाच हात. बाबाले मागून कोणी हाक मारत नाही, समोर जाऊन उभं राहायचं, हे आम्ही भावंडं लहानपणीच शिकलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

दुसरा फटका हाणायले साहेबांनी आपली काठी उचलली. मी ती वरच्या वर धरली.

"साहब, बस. इसको सुनाई नहीं देता."

"नाटक है सब, हटो!"

मी हटली नाही. त्याच्या समोर गेली अन् हातानं सांगतलं, खाली बस. तो बसला. हात पुढे कर. त्यानं दोन्ही पुढे केले, एक मनगटापासून लोंबत होता. आग लागो माझ्या हुशारीले!

ठाण्यात साहेबांनी कागद तयार केला. आरोपीनं सळाख उचलून पोलिसांवर हल्ला केला, म्हणून बळ वापरावं लागलं. खाली माझी सही पाहिजे होती. ठेकेदाराचं डोकं त्यानं फोडलं, त्याची सजा त्यानं भोगावी, त्यात मी दयामाया करणारी नाही. पण हे दुसरं कलम लागलं असतं तर तो महिनोन्महिने आत सडला असता, अन् मोडलेला हातही त्याच्याच माथी आला असता. मी माझं बयान वेगळं लिहिलं. त्याले ऐकू आलं नाही. त्यानं सळाखीले हात लावला नाही. काठी मी मारली.

"लाठी तुम्हारी है, फँसोगी भी तुम ही," साहेब म्हणाले.

"हव साहब, फँसूँगी."

चौकशी बसली. बसू दे! ते कलम त्याच्यावर लागलं नाही, अन् त्या सहीचा मले आजही पस्तावा नाही.

बयान दिलं त्या संध्याकाळी घरी गेली तेव्हा बाबा खाटेवर बसून लाल भाजी निवडत होते. मी समोर बसली अन् हातानं सगळं सांगतलं, बोरिंगपासून बयानापर्यंत. शाबासकी मिळेल असंच वाटत होतं मले. बाबा भाजी खाली ठेवून माझे हात पाहत राहिले. माझं सांगणं संपल्यावर ते आपल्या त्या बहिऱ्या, शेजारच्या घरापर्यंत जाणाऱ्या आवाजात बोलले.

"पोरी, तू समोरून काहून नाही गेली?"