दोन झोळ्या

“या झोळीत वाडीतली पोरं तोललीस ना? मग आमचं बाळ नको त्यात.”

सरपंचांची सून ओटीवर उभी होती, बाळ कडेवर घेऊन. मी खाली अंगणात. खांद्यावर वजनकाटा, हातात झोळी. झोळी सकाळीच उकळत्या पाण्यातून काढली होती. तसं सांगितलंही. ती म्हणाली, “धुऊन काय व्हतंय? दुसरी आण.”

मी कातकरी. काशीदच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला आमची वाडी. पायथ्याला गाव, त्याचं नाव नको. वाडीत दहावीपर्यंत शिकलेली मी एकटीच. एका संस्थेने आळीआळीतल्या बायकांचे आरोग्यगट बांधले, त्यात मला घेतलं. दर महिन्याला लहान पोरांची वजनं करायची. गरोदर बाईच्या पायावर सूज आहे का बघायचं. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते शिकवायचं. आपल्याच्याने होणार नाही ते वेळेत दवाखान्यात पोचवायचं. वेळेत. शिबिरात हा शब्द दहादा सांगितला होता.

गटाच्या बैठकीत मी झोळीचं सांगितलं. गटप्रमुख ताई गावातल्याच, स्वभावाने चांगल्या. म्हणाल्या, “वाद कशाला घालतेस? दोन झोळ्या ठेव. आणि आधी गाव उरकत जा. काम झाल्याशी मतलब.” बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

मीही डोलावली. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. दुसरी झोळी मीच शिवली. गावाची निळी, वाडीची लाल.

गाव उरकून वर चढेपर्यंत दुपार व्हायची. तोवर आमच्या बायका पोरांना घेऊन खाडीवर चिंबोऱ्या-खेकडे धरायला गेलेल्या, नाहीतर पर्यटकांच्या खोल्या झाडायला. बंद दारं बघून मी परत फिरायची. वहीत लिहायची, ‘घरी नाही.’

माझ्या चुलत बहिणीच्या, सुमीच्या मुलीच्या नावापुढे असं दोनदा लिहिलं. तिसऱ्या महिन्यात ती सापडली. झोळीत ठेवली तर काटा मागच्या वजनाच्याही खाली. पोर रडत नव्हतं. डोळे उघडे, तेवढंच. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगात पाणी उरलं नव्हतं. “दोन महिन्यांपूर्वी आणायला हवी होती,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

माती देऊन आल्यावर सुमी माझ्याशी एकदाच बोलली. आवाज चढवला नाही. “गाव आमाला मागं ठेवतं. तू बी ठेवलंस?”

 

पुढच्या महिन्यात उजाडताच मी वाडीत काटा टांगला, बायका कामाला निघायच्या आधी. झोळी एकच. वाडी संपवून खाली गेले. सरपंचांच्या सुनेने विचारलं, “आमची झोळी कुठाय?”

“न्हाय. एकच हाय, उकळलेली. बाळ द्या, वजन करते.”

“मग जा.”

“जाते. वैनींनी नको म्हटलं, तसं वहीत लिवते. वही संस्थेत बघतात.”

तिचा चेहरा उतरला. दार लागलं.

संध्याकाळी ताई वाडीवर आल्या. पहिल्यांदाच. “तुझ्यामुळं गट मोडेल,” म्हणाल्या.

“मोडू द्या. ज्या गटात आमचं पोर शेवटचं, तो आमचा नव्हताच.”

मोडला. गावातल्या बायका आता येत नाहीत. वाडीत आठजणींचा गट उभा राहिलाय. माझ्याशिवाय वाचता कुणाला येत नाही, पण काटा कुठे थांबला की घाबरायचं ते आठहीजणींना कळतं. सुमी त्यात नाही. ये म्हणायचा हक्क मला नाही.

गावातही मी जाते, दर महिन्याला, दारोदार. सरपंचांच्याही दारात. त्या बाळाचा यात काही गुन्हा नाही. नाकारायचं तर त्यांनी तोंडावर नाकारावं, ते त्यांच्या नावानिशी वहीत चढेल. पण कुणाचं सोवळं सांभाळायला मी आता एकही पोर थांबवून ठेवणार नाही.