“फी काहीच नाय” म्हणणारा सल्लागार

मैत्रिणींनो, गुलमंडीतल्या एका गुंतवणूक सल्लागाराकडून आत्ताच घरी आले. डोकं अजून तापलेलं आहे.

नर्स म्हणून आयुष्यभर राबून मिळालेले निवृत्तीचे पैसे कुठं गुंतवावेत, एवढंच विचारायचं होतं. त्यानं थेट विम्याचा फॉर्म पुढं केला. “माझी फी काहीच नाय, मॅडम.” मी भोळेपणानं सही केली आणि मग विचारलं, “तुमचं घर कशावर चालतं?”

“ते कंपनी बघते.”

“माझ्या पैशातून किती देते? लिहून द्या.”

तो चिडला. “तुम्हाला नाय कळायचं. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.”

माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झालीत. मी तो फॉर्म ओढून घेतला, त्याच्यासमोर फाडला आणि निघाले.

तुमच्या सल्लागारानं त्याचं कमिशन कधी लिहून दिलंय का? की तुम्ही विचारलंच नाय?