वळणावरचा प्रश्न

अंगात सणसणून ताप असताना मी रिकाम्या पोटी पायलटच्या मागे बसून आमोण्याहून डिचोलीला डॉक्टरकडे निघालो. भाड्याची मोटारसायकल चालवणारा हा आमचा पायलट दर वळणावर मागे न बघता विचारतो, “आसात मरे, बाब?”, म्हणजे मागे आहात ना, आणि “आसां” ऐकल्याशिवाय वळत नाही. मला ती त्याची बडबड वाटायची. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, कारण मला घेरी आली होती.

शुद्धीवर आलो तेव्हा पोती बांधायच्या रबरी ट्यूबने मी त्याच्या पाठीला बांधलेला होतो. मी कोसळलो असतो तर तोही माझ्याबरोबर रस्त्यावर आला असता! आणि वळणावळणाला तो विचारतच होता.

दवाखान्याच्या दारात मी हात जोडले. ट्यूब सोडवत तो म्हणाला, “नारळांचें पोतें बरें, बाब. तें सरळ तरी बसता.”